कस्टम रॉम टाकूनही जुन्या फोनची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते: कारण शोधायचं कसं

नवा कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी दुसऱ्यांनी बांधलेलं अँड्रॉइड, टाकला की पहिले काही दिवस फोन सुरेख चालतो. आठवडा-दोन आठवड्यांत मात्र संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा चार्जर शोधावा लागतो. मग दुसरा रॉम, तिसरा कर्नल (हार्डवेअरशी बोलणारा प्रणालीचा गाभा), आणि तेच चक्र. जुन्या फोनवर लिनिएज ओएस किंवा तसा कुठलाही रॉम वापरणाऱ्यांची ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आहे.

चक्र थांबत नाही याला एक साधं कारण आहे. रॉम स्वच्छपणे टाकताना फोन पुसला जातो. त्याबरोबर अडकलेलं सिंक जातं, मागे चालणारं ॲप जातं, साचलेल्या परवानग्या जातात. बॅटरी सुधारते ती बरेचदा यामुळे, आणि श्रेय मिळतं रॉमला. नंतर तीच ॲप्स, तीच खाती, तीच सेटिंग्ज परत येतात आणि त्यांच्याबरोबर मूळ दुखणंही परत येतं. शिवाय पुसताना वापराची नोंद गेलेली असते, त्यामुळे चार्ज नेमका कुठे गेला हे कधी कळतच नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की दोष सापडेपर्यंत रॉम बदलू नका. आहे त्याच रॉमवर राहून खालच्या क्रमाने तपासा.

रॉम नुकताच टाकला असेल तर दोन-तीन दिवस काहीच मोजू नका. या काळात ॲप्स फोनसाठी पुन्हा जुळवली जातात, फोटो वर चढतात किंवा खाली येतात, संपर्क आणि मेल सिंक होतात. फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते, आणि हे सगळं अपेक्षितच असतं.

सेलमध्ये जीव किती उरलाय

सगळ्यात आधी हे बघा, कारण इथेच उत्तर असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. लिथियम-आयन सेल साधारण ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतो, हा जुन्या फोनसाठी सर्वसाधारण हिशोब. फेरी म्हणजे वापरलेल्या शंभर टक्क्यांची बेरीज. आज ५० टक्के वापरले आणि उद्या ५०, की एक फेरी झाली. रोज भरावा लागणारा फोन दीड-दोन वर्षांत या टप्प्यावर येतो. उष्णता आणि सतत शंभर टक्क्यांवर राहणं या दोन गोष्टींनी सेल आणखी लवकर म्हातारा होतो, फोन फारसा वापरला नाही तरी.

याचा परिणाम आकड्यांत बघा. फोनची बॅटरी ३००० एमएएचची होती आणि आता तिच्यात १८०० उरलेत असं धरू. रात्रभर निवांत पडलेला फोन सरासरी ३० मिलिअँपिअर ओढत असेल तर आठ तासांत २४० एमएएच जातात. नव्या बॅटरीवर हे ८ टक्के दिसले असते; आता १३ टक्क्यांहून जास्त दिसतात. सॉफ्टवेअरने एक थेंबही जास्त वापरलेला नाही, तरी पडद्यावरचा आकडा पाहून वाटतं की रॉम बॅटरी खातोय. टक्के हे उरलेल्या क्षमतेचे असतात, मूळ क्षमतेचे नव्हे, ही गोष्ट बहुतेक तुलनांमध्ये सुटून जाते.

रूट, म्हणजे फोनच्या प्रणालीवर पूर्ण ताबा, असेल तर खरा आकडा फोनमध्येच सापडतो. 'सिस' फोल्डरात 'क्लास', त्यात 'पॉवर सप्लाय', त्यात 'बॅटरी' असा फोल्डर असतो. तिथल्या 'चार्ज फुल डिझाइन' फाइलमध्ये मूळ क्षमता आणि 'चार्ज फुल' फाइलमध्ये सध्याचा अंदाज असतो. आकडे बहुतेक मायक्रोअँपिअर-अवरमध्ये असतात, म्हणजे ३०००००० हा ३००० एमएएच समजायचा. काही फोनमध्ये फेऱ्या मोजणारी फाइलही मिळते. दोन्ही क्षमता तंतोतंत सारख्या दिसल्या तर त्या फोनचा ड्रायव्हर (हार्डवेअरचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) झीज नोंदवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी नवीकोरी आहे असा नाही. अशा वेळी, किंवा रूट नसेल तर, ॲक्युबॅटरीसारखं ॲप ठेवा. ते चार्जिंगच्या वेळी आत गेलेला विद्युतभार मोजून क्षमतेचा अंदाज काढतं. १५-२० टक्क्यांपासून वरपर्यंत असे लांब चार्ज चार-पाच वेळा होऊ द्या; एका छोट्या चार्जवरून काढलेल्या आकड्यावर विसंबू नका.

आणखी एक लक्षण बिनचूक आहे. पडद्यावर २५-३० टक्के दिसत असताना कॅमेरा उघडला किंवा फ्लॅश लावला आणि फोन पटकन बंद पडला, चार्जरला लावल्यावर पुन्हा तोच आकडा दाखवत उठला, तर सेलचा अंतर्गत रोध वाढलेला आहे. जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करतो. थंडीत हे जास्त होतं. यावर रॉम, कर्नल, मॉड्यूल (रूट केलेल्या फोनमध्ये टाकायची भर) यांपैकी कशाचाही उपाय नाही. मागचं झाकण उचललं गेलं असेल किंवा पडदा एका बाजूने वर आला असेल तर बॅटरी फुगलेली आहे. तो फोन चार्ज करणं तत्काळ थांबवा. दाबू नका, टोचू नका.

क्षमता मूळच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी बॅटरी बदला, सॉफ्टवेअरकडे नंतर बघा.

रात्रीच्या चाचण्या

सेल ठीक असेल तर पुढचा प्रश्न असा, की पडदा बंद असताना फोन खरोखर झोपतो का. दिवसा हे कळत नाही, कारण वापर रोज वेगळा असतो. रात्री कळतं.

झोपताना फोन ८०-९० टक्क्यांवर असताना चार्जर काढा आणि सकाळी आकडा बघा. पहिली रात्र नेहमीसारखी, सगळं चालू. दुसरी रात्र विमान मोडमध्ये. तिसरी रात्र फक्त वायफाय, मोबाइल डेटा बंद. चौथी रात्र फक्त मोबाइल डेटा, वायफाय बंद. फोन तोच, जागा तीच. बऱ्या स्थितीतला फोन तासाला अर्धा ते एक टक्का उतरतो, विमान मोडमध्ये त्याहून कमी.

विमान मोडमध्येही तेवढीच बॅटरी उतरली तर दोष नेटवर्कमध्ये नाही; एखादं ॲप किंवा ड्रायव्हर प्रोसेसरला झोपू देत नाहीये. विमान मोडमध्ये उतार एकदम थांबला तर तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीची तुलना करा. फक्त वायफायवर जात असेल तर घरातल्या नेटवर्कवरून येणारे प्रसारण-संदेश फोनला सारखे उठवत असू शकतात. फक्त मोबाइल डेटावर जात असेल तर सिग्नल किंवा मोडेम (मोबाइल नेटवर्कशी बोलणारी चिप). दोन्हीवर सारखंच जात असेल तर बहुधा नेट मिळालं की कामाला लागणारं एखादं ॲप, किंवा अशक्त सिग्नल.

चार रात्री घालवणं कंटाळवाणं आहे हे मान्य, पण इथे घाई केली तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

फोनला कोण जागं ठेवतंय

पडदा बंद झाल्यावर प्रोसेसर गाढ झोपेत, म्हणजे डीप स्लीपमध्ये जायला हवा. एखाद्या ॲपला काम पुरं करायचं असेल तर ते वेकलॉक, म्हणजे प्रोसेसरला झोपू न देणारा अडसर, धरतं आणि काम झालं की सोडतं. सोडलाच नाही, किंवा दर मिनिटाला पुन्हा धरला, की बॅटरी रात्रभर ठिबकत राहते.

हे पाहायला बेटर बॅटरी स्टॅट्स हे जुनं, भरवशाचं ॲप आहे. त्याला बॅटरीची नोंद वाचायची परवानगी संगणकावरून एडीबीने (फोनला आज्ञा देणारं साधन) एकदाच द्यावी लागते. ते जमत नसेल तर सकाळी फोन संगणकाला जोडून 'एडीबी शेल डम्पसिस बॅटरीस्टॅट्स' (adb shell dumpsys batterystats) ही आज्ञा चालवा; तीच माहिती कच्च्या स्वरूपात मिळते.

आधी डीप स्लीपचा वेळ बघा. पडदा आठ तास बंद होता आणि डीप स्लीप सात तासांहून जास्त असेल तर फोन नीट झोपलाय. तो तीन-चार तासच असेल तर कर्नल वेकलॉकची यादी उघडा. इथे एक खूण लक्षात ठेवली की अर्धं काम होतं. यादीत सगळ्यात वर 'पॉवरमॅनेजरसर्व्हिस डॉट वेकलॉक्स' असं नाव असेल तर ती सगळ्या ॲप्सनी धरलेल्या वेकलॉकची एकत्र बेरीज असते. म्हणजे गुन्हेगार एखादं ॲप आहे. ते पार्शल वेकलॉकच्या यादीत नावानिशी सापडेल. वर दुसरंच नाव असेल, वायफाय चिपचं, मोडेमचं किंवा एखाद्या सेन्सरचं, तर दोष ड्रायव्हरमध्ये आहे आणि ॲप्स उडवून काही उपयोग होणार नाही.

ॲपच्या वेकलॉकच्या नावातही पुष्कळ माहिती असते. सुरुवातीला 'सिंक' असेल तर कुठलं तरी खातं अडकलंय. ते खातं काढून पुन्हा जोडलं की बहुतेक वेळा सुटतं. 'जॉब' असेल तर ॲपने ठरवून ठेवलेलं काम. 'अलार्म' असेल तर ॲप घड्याळ लावून उठतंय. 'ऑडिओमिक्स' दिसलं तर एखाद्या ॲपने आवाजाची वाहिनी उघडी ठेवलीय. हे संगीताच्या ॲपपुरतंच नसतं, खेळही हे करतात.

ॲप सापडलं की त्याच्या माहितीच्या पानावर बॅटरीचा पर्याय उघडा. अँड्रॉइड १२ मध्ये तिथे तीन पर्याय आले: अनिर्बंध, अनुकूलित आणि प्रतिबंधित. शेवटचा निवडा आणि एक रात्र मोजा. त्या ॲपचे संदेश उशिरा आले तर चालणार नसेल, तर ॲपऐवजी ब्राउझरमधून तीच सेवा वापरून बघा. सोशल मीडियाच्या बाबतीत हा बदल फार मोठा फरक पाडतो. एका वेळी एकाच ॲपवर बंधन घाला, एकदम दहांवर नाही, नाहीतर फरक कशाने पडला हे पुन्हा कळणार नाही.

डोझ चालू आहे का

कस्टम रॉमवर हे हमखास तपासावं आणि नेमकं हेच राहून जातं. अँड्रॉइड ६ मध्ये, म्हणजे २०१५ साली, डोझ आला: पडदा बंद, चार्जर नाही आणि फोन हलत नाही असा काही वेळ गेला की ॲप्सचं नेटवर्क तोडायचं, त्यांचे वेकलॉक दुर्लक्षित करायचे आणि अधूनमधून छोटी खिडकी उघडून साचलेली कामं करू द्यायची. अँड्रॉइड ७ मध्ये त्याची हलकी आवृत्ती आली. ती फोन खिशात हलत असतानाही चालते.

अँड्रॉइडच्या मूळ मुक्त स्रोतात डोझची कळ बंद असते. फोन बनवणारा किंवा रॉम बांधणारा ती चालू करतो. गूगल सेवांशिवाय (प्ले स्टोअर, सूचना वगैरे पुरवणारा गूगलचा संच) टाकलेल्या रॉमवर ती बंदच राहिलेली असू शकते. संगणकावरून 'एडीबी शेल डम्पसिस डिव्हाइसआयडल एनेबल्ड' (adb shell dumpsys deviceidle enabled) चालवा. उत्तर १ आलं तर चालू, ० आलं तर बंद. त्याच आज्ञेत शेवटी 'एनेबल्ड'च्या जागी 'एनेबल' लिहून ती चालू करता येते. मात्र फोन पुन्हा सुरू केल्यावर ती टिकली का ते पाहा.

दुसरा अडथळा सेन्सरचा. गाढ डोझसाठी फोनची लक्षणीय हालचाल ओळखणारा सेन्सर लागतो. जुन्या फोनमध्ये तो नसेल किंवा रॉममध्ये त्याचा ड्रायव्हर नीट बसला नसेल तर फक्त हलका डोझ मिळतो. सेन्सर दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये 'सिग्निफिकंट मोशन' असं नाव दिसतं का ते बघा.

गूगल सेवा ठेवाव्या की काढाव्या

'गूगल काढा, बॅटरी वाढेल' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. गूगल सेवांचं मोठं पॅकेज जुन्या प्रोसेसरला जड जातं यात शंका नाही. लहानात लहान पॅकेज निवडा. घड्याळ, कॅलेंडर, कीबोर्ड यांसाठी रॉममध्ये असलेलीच ॲप्स पुरतात. पण संदेश पोचवण्याच्या बाबतीत गूगलची व्यवस्था बॅटरीच्या फायद्याची आहे. सगळ्या ॲप्सच्या सूचना एकाच उघड्या जोडणीवरून येतात. ती काढून टाकली की सिग्नल मेसेंजरसारखं ॲप सूचनांसाठी स्वतःची वेगळी जोडणी उघडी ठेवतं. मेलचं ॲप आपली वेगळी ठेवतं, गप्पांचं आणखी एक ॲप आपली. अशी चार-पाच ॲप्स झाली की फोन आधीपेक्षा जास्त वेळा उठतो.

मायक्रो-जी (गूगल सेवांच्या जागी चालणारा छोटा मुक्त पर्याय) हा मधला मार्ग मला जुन्या फोनसाठी सर्वांत योग्य वाटतो. गूगलची संदेश-जोडणी मिळते, बाकीचा पसारा येत नाही. मात्र सगळीच ॲप्स त्यावर चालतात असं नाही, त्यामुळे बँकेचं किंवा रोजचं अत्यावश्यक ॲप असेल तर आधी खात्री करा.

स्थानाच्या सेटिंगमध्ये वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग अशा दोन कळा असतात. वायफाय-ब्लूटूथ बंद दिसत असतानाही त्या शोध घेत राहतात. दोन्ही बंद करा.

सिग्नल आणि मोडेम

सिग्नल अशक्त असेल तर फोन जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो आणि सारखा चांगला टॉवर शोधत राहतो. पडदा बंद असताना हा खर्च फार मोठा असतो. नेटवर्क ४जी आणि ३जीमध्ये उड्या मारत असेल तर 'पसंतीचं नेटवर्क' एकाच प्रकारावर अडकवून बघा. त्याआधी रॉममध्ये व्होल्टीई (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) चालतं का ते तपासा. चालत नसेल तर फक्त ४जीवर ठेवलेल्या फोनला कॉल येणार नाहीत. दोन सिमच्या फोनमध्ये न वापरलं जाणारं सिम बंद करा. सेवा संपलेलं सिम आत असेल तर काढूनच टाका, फोन त्याच्यासाठी नेटवर्क शोधत बसतो.

मोडेमचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, वेगळ्या विभाजनात (साठवणीच्या वेगळ्या भागात) असतं आणि कस्टम रॉम बहुधा त्याला हात लावत नाही. रॉम नव्या अँड्रॉइडचा आणि मोडेम चार वर्षांपूर्वीचा, अशी जोडी कुरकुरते. रॉमच्या अधिकृत सूचनांमध्ये कुठलं फर्मवेअर हवं ते बहुतेक वेळा दिलेलं असतं. ते नेमकं तुमच्या मॉडेलचंच घ्या. टाकण्याआधी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ज्यात असतो त्या विभाजनाची प्रत संगणकावर काढून ठेवा. ही प्रत नसताना मोडेमला हात लावू नये असं मी आग्रहाने सांगेन, कारण आयएमईआय गेला की फोनला नेटवर्कच मिळत नाही.

पडदा चालू असतानाचा खर्च

इथे हातात फार काही नसतं. प्रकाश कमी ठेवा. गडद थीमचा फायदा ओएलईडी पडद्यालाच होतो. एलसीडीत मागचा दिवा काळ्या रंगालाही तेवढाच जळतो. उचलताच जागा होणं, दोनदा टिचकी मारून जागा होणं, सूचना आल्यावर पडदा उजळणं ही कस्टम रॉममधली सोयीची सेटिंग्ज आठवडाभर बंद ठेवून बघा. खिशात फोन स्वतःहून उजळत असेल तर कारण इथेच आहे.

व्हिडिओ पाहताना फोन तापत असेल तर ती वेगळी बाब आहे. आजकाल बराच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ स्वरूपात येतो. जुन्या चिपमध्ये ते उलगडणारं हार्डवेअर नसलं की प्रोसेसर ते काम स्वतः करतो आणि बॅटरी धडाधड उतरते. यूट्यूब दाखवणाऱ्या न्यूपाइपसारख्या ॲपमध्ये आवडतं स्वरूप एमपीईजी-४ ठेवता येतं. तेवढ्या एका बदलाने फोन गार राहिलेला दिसतो.

जे करून काही होत नाही

रिकव्हरीतून (रॉम टाकायच्या वेगळ्या मोडमधून) 'बॅटरी स्टॅट्स पुसणे' हा उपाय अजून सुचवला जातो. ती फाइल फक्त कोणी किती वापरलं याची नोंद ठेवते. टक्केवारीशी किंवा बॅटरीच्या आयुष्याशी तिचा संबंध नाही. अँड्रॉइडच्या अभियंता डायान हॅकबॉर्न यांनी २०१२ सालीच हे स्पष्ट केलं होतं. मागची ॲप्स मारणारी ॲप्सही नकोत. मारलेलं ॲप पुन्हा शून्यातून सुरू होतं आणि त्यात जास्त ऊर्जा जाते. प्रोसेसरचा वेग कमी करणंही मला पटत नाही. काम लांबतं, पडदा तितका जास्त वेळ चालू राहतो. पटकन काम उरकून झोपणारा प्रोसेसरच बॅटरी वाचवतो. वेगळा कर्नल टाकायचा असेल तर तो ड्रायव्हरचा दोष सापडल्यावर, त्या दोषाची दुरुस्ती त्यात आहे हे वाचून टाका.

ड्रायव्हरचाच दोष निघाला आणि दुरुस्ती उपलब्ध नसेल तर वेकलॉकचं नाव, रॉमची तारीख, मोडेमची आवृत्ती आणि त्या रात्रीची बॅटरीस्टॅट्सची नोंद रॉम सांभाळणाऱ्याला पाठवा. 'बॅटरी लवकर उतरते' एवढ्यावरून त्यांना काही करता येत नाही. या चार गोष्टी मिळाल्या तर करता येतं. तोवर रॉमच्या दोष नसलेल्या आधीच्या आवृत्तीवर परत जाता येत असेल तर जा, डेटाची प्रत काढून.

बॅटरी बदलली तर

नवी बॅटरी घालताना ती किती वर्षांपूर्वी बनली ते पाहा. गोदामात तीन-चार वर्षं पडलेली 'नवी' बॅटरीही झिजलेली असते. मूळपेक्षा बरीच जास्त क्षमता छापलेली बॅटरी त्याच आकारात असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत टक्केवारी उड्या मारेल, कारण मोजणाऱ्या चिपला जुन्या सेलचा अंदाज सवयीचा असतो. एक-दोनदा फोन १०-१५ टक्क्यांपर्यंत उतरू देऊन न थांबता पूर्ण भरला की आकडा जागेवर येतो.

त्यानंतर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. काही रॉममध्ये ही सोय सेटिंगमध्येच असते. नसेल आणि रूट असेल तर एसीसी हे मॅजिस्क (रूट देणारं साधन) मॉड्यूल तेच काम करतं. रात्रीच्या चाचण्या मग पुन्हा एकदा करा आणि येणारे आकडे लिहून ठेवा. पुढे कधी बॅटरी उतरते असं वाटलं तर तुलनेला हेच आकडे लागतील.